रोदोल्फ टोप्फर : चित्रकथेचा जनक

चित्रकथेचें पुस्तक हातीं पडलें म्हणजे मुलें तहानभूक विसरतात आणि वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, हा अनुभव घरोघरींचा आहे. अभ्यासाचा वेळ गिळून टाकणारें हें वाङ्मय कोणा रिकामटेकड्या माणसाच्या डोक्यांतून निघालें असावें, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः या कलेचा जनक म्हणून ज्याला मान दिला जातो, तो गृहस्थ जन्मभर शाळामास्तर होता. विद्यार्थ्यांस आनंद व पालकांस अचंबा वाटेल असें त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सादर करीत आहों.

स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरीं ३१ जानेवारी १७९९ रोजीं रोदोल्फ टोप्फरचा जन्म झाला. त्याचे वडील वोल्फगांग-आदाम हे नांवाजलेले चित्रकार होते. निसर्गदृश्यांप्रमाणेंच व्यंगचित्रांतही त्यांचा हात चाले. अशा घरीं वाढलेल्या मुलानें आपणही चित्रकारच व्हावयाचें असें मनाशीं ठरविलें, यांत नवल तें काय? परंतु ऐन उमेदीच्या वयांत त्याला डोळ्यांचा विकार जडला. १८१९ सालीं तो पॅरिसला गेला, तेथें वैद्यांचा सल्ला घेतला, ग्रंथ वाचले, नाटकें पाहिलीं. पण डोळे सुधारले नाहींत. रंगांचें बारीक काम तासनतास करीत बसणें आपल्या नशिबीं नाहीं, हें त्याला विसाव्या वर्षींच कळून चुकलें.

मायदेशीं परतल्यावर त्यानें अध्यापनाचा मार्ग धरिला. १८२३ सालीं त्याचा विवाह झाला व त्यानंतर लवकरच त्यानें मुलांसाठीं स्वतःची निवासी शाळा काढिली. देशोदेशींचीं मुलें तेथें शिकावयास येत. १८३२ सालीं जिनीव्हाच्या अकादमींत साहित्याचा प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. कथालेखक म्हणूनही त्यानें नांव मिळविलें. लोकांच्या दृष्टीनें तो आतां एक प्रतिष्ठित विद्वान् झाला होता.

पण चित्रकलेची ओढ कांहीं सुटली नाहीं. रंगाचा कुंचला डोळ्यांना पेलत नव्हता. साध्या लेखणीची झरझर ओढलेली रेघ मात्र पेलत होती. मग फावल्या वेळीं, मुलांचें मनोरंजन व्हावें म्हणून, तो लेखणीनेंच कागदावर चौकटी आंखी, त्यांत हास्यास्पद माणसें काढी आणि प्रत्येक चौकटीखालीं स्वहस्तें दोनचार शब्द लिही. १८२७ सालीं व्ह्यू ब्वा नांवाच्या प्रेमवेड्या गृहस्थाची कथा त्यानें अशा रीतीनें रचिली. पुढें विद्याप्राप्तीसाठीं प्रवासास निघून भलत्याच घोटाळ्यांत सांपडणारा डॉक्टर फेस्टस त्याच्या लेखणींतून उतरला. हीं हस्तलिखितें मुलांच्या व मित्रमंडळींच्या हातोहातीं फिरत. छापण्याचें धैर्य मात्र त्याला होईना. शाळा चालविणाऱ्या माणसानें असला पोरखेळ प्रसिद्ध केला तर लोक काय म्हणतील, हा धाक मोठा होता.

हा धाक कमी होण्यास एक अनपेक्षित योग कारण झाला. जिनीव्हाचा फ्रेदेरिक सोरे हा विद्वान् जर्मनींतील वायमारच्या राजघराण्यांत शिक्षक होता. १८३० सालच्या अखेरीस त्यानें टोप्फरच्या चित्रवह्या महाकवि गटे यास दाखविल्या. गटेचें वय तेव्हां एक्याऐंशीं वर्षांचें. व्यंगचित्रांची त्याला आवडही नव्हती. तरी त्या वह्या त्यानें मोठ्या कौतुकानें पाहिल्या, आणि सगळ्या एकदम न संपवितां पुरवून पुरवून पाहिल्या. एवढ्या थोर पुरुषाची शाबासकी मिळाल्यावर टोप्फरला हुरूप आला. १८३३ सालीं 'मस्य जाबो' ही कथा छापून झाली आणि १८३५ मध्यें ती लोकांच्या हातीं आली.

तिच्या छपाईची रीतिही ध्यानांत घेण्यासारखी आहे. शिळाछापाच्या साध्या पद्धतींत दगडावर सर्व कांहीं उलटें काढावें लागे, तेव्हां कागदावर तें सुलटें उमटे. टोप्फर मात्र खास तयार केलेल्या कागदावर तेलकट शाईनें नेहमींसारखें सुलटें काढी व लिही. मग तो कागद दगडावर दाबून रेघा दगडावर उतरवीत आणि त्यावरून प्रती काढीत. त्यामुळें चित्र व अक्षर एकाच हातचें, एकाच ओघाचें दिसे. चित्रें काढून घेतलीं तर मजकूर निरर्थक व्हावा आणि मजकूर काढला तर चित्रें अस्पष्ट राहावींत, असा दोहोंचा मिलाफ त्याला हवा होता. चित्रकथेचें सारें मर्म यांतच आहे.

जाबो हा बड्या लोकांत मिरवूं पाहणारा एक पोकळ डौलाचा मनुष्य. नाचाच्या समारंभांत त्याची फजितीवर फजिती होते, आणि प्रत्येक फजितीनंतर तो पुन्हा छाती काढून ऐटींत उभा राहतो. तेंच चित्र पुनःपुन्हा आलें कीं हंसूं आवरत नाहीं. १८३७ सालच्या क्रेपँच्या कथेंत तर अकरा मुलांचा बाप एकामागून एक शिक्षक ठेवितो व प्रत्येक शिक्षक आपल्याच पद्धतीचें घोडें पुढें दामटतो. स्वतःच्या धंद्याची अशी थट्टा करणाऱ्या शिक्षकाचें आम्हां शिक्षकांस विशेष कौतुक वाटतें.

अशा एकंदर सात चित्रकथा त्यानें प्रसिद्ध केल्या. १८४२ सालीं व्ह्यू ब्वाची कथा इंग्रजी वेषांत न्यू यॉर्कला छापली गेली. अमेरिकेंतील पहिलें चित्रकथापुस्तक म्हणून तिचा उल्लेख होतो. सुटींत टोप्फर विद्यार्थ्यांना घेऊन आल्प्स पर्वतांत पायीं हिंडे व त्या सफरींचें सचित्र वर्णन लिही. तें १८४४ मध्यें पॅरिसला ग्रंथरूपानें निघालें. १८४५ मध्यें त्यानें चेहऱ्यांविषयीं एक निबंध लिहिला. माणसाचें तोंड कितीही वेडेंवांकडें काढा, त्यावर कोणता ना कोणता भाव उमटतोच. मग नाक, हनुवटी, ओंठ थोडथोडे बदलून तो भाव कसा पालटतो तें पाहत जावें, असें त्यानें स्वतः रेघा ओढून दाखविलें. तोंवर त्याची प्रकृति ढासळली होती. त्याच वर्षीं पॅरिसच्या एका सचित्र साप्ताहिकांत त्याची क्रिप्तोगामची कथा आली, ती लाकडी ठशांसाठीं दुसऱ्या चित्रकाराला पुन्हा काढावी लागली. ८ जून १८४६ रोजीं, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं, टोप्फर निवर्तला.

डोळे धड असते तर वडिलांसारखा आणखी एक चांगला चित्रकार जिनीव्हाला मिळाला असता. चित्रकथा मात्र कदाचित् दुसऱ्या कोणाची वाट पाहत राहिली असती. ज्या विद्यार्थ्याला मनाजोगती वाट बंद झाल्यासारखी वाटते, त्यानें आपल्या हातीं काय उरलें आहे याचा टोप्फरसारखा नीट हिशेब करावा. आणि पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मुलाच्या वहीच्या समासांत एखादा नाकाड्या मनुष्य आढळला, तर पान फाडण्यापूर्वीं तो एकदां लक्षपूर्वक पाहावा.