अण्णांचं गणित

मुरूड म्हटलं की हॉस्टेलमध्ये सगळ्यांना जंजिराच आठवतो. आपल्या जिल्ह्यातलं, दापोलीजवळचं मुरूड वेगळं. महर्षी धोंडो केशव कर्वे तिथे वाढले. जन्म शेरवलीचा, १८ एप्रिल १८५८. स्त्रीशिक्षणासाठी आपण त्यांना ओळखतो, पण अण्णांचा पोटापाण्याचा विषय होता गणित. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे डायरेक्ट आणि इन्व्हर्स व्हेरिएशन तोंडपाठ. समचलन आणि व्यस्त चलन हे शब्द मात्र इथे आल्यावर ऐकले, आणि डोक्यात पक्के बसले ते अण्णांचं चरित्र वाचताना.

सतराव्या वर्षी अण्णांना परीक्षेसाठी साताऱ्याला जायचं होतं. मुरूडहून पायी, पावसात, घाट चढून, शंभरावर मैल. आता हिशेब बघा. शंभर मैल रोज २० प्रमाणे चाललं तर पाच दिवस, २५ प्रमाणे चार. वेग वाढला, दिवस कमी झाले, पण गुणाकार शंभरच. हे झालं व्यस्त चलन. परीक्षेची तारीख आपल्यासाठी थांबत नाही, म्हणजे पाय उचलणं आलंच! तेच वेग ठरलेला असेल तर जितके दिवस जास्त तितकं अंतर जास्त, आणि भागाकार कायम. हे समचलन.

एवढं चालून पोचल्यावर काय झालं? अण्णा चणीने लहान. हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. वय वाढतं तशी उंची वाढते हे खरं, पण ते समचलन नव्हे. दोन वर्षांचं पोर साधारण अडीच-पावणेतीन फूट असतं. समचलन असतं तर सोळाव्या वर्षी ते वीस फुटांच्या वर गेलं असतं! दोन गोष्टी बरोबर वाढल्या एवढ्यावर भागू नये, भागाकार स्थिर राहतो का ते तपासावं. साताऱ्याच्या साहेबांनी ते तपासलं नाही.

अण्णा बी.ए. झाले १८८४ साली, सव्वीसाव्या वर्षी. (केटीवाल्यांनी धीर धरावा.) १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं. पहिल्या पत्नी राधाबाई वारल्यावर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, आणि मुरूडने घरावर बहिष्कार टाकला. ज्या गावासाठी धडपड केली त्याच गावाने! मला हा भाग वाचवत नव्हता.

पुढे १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. कॉलेज संपवून अण्णा तिथे चालत जात. आता आपल्या मेसचं उदाहरण घ्या. पैसा ठरलेला असेल तर जेवणारे वाढले की प्रत्येकीच्या ताटात कमी पडतं. आश्रमाला हेच लागू. मुलींना परत पाठवायचं नसेल तर तो स्थिरांकच वाढवायला हवा. अण्णा वर्गणी मागत गावोगाव फिरले ते त्याचसाठी. महिला विद्यापीठ १९१६ मध्ये निघालं तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच. नंतर ठाकरसींनी पंधरा लाख दिले, म्हणून आपण त्याला एसएनडीटी म्हणतो.

वय आणि काम यांचं व्यस्त चलन असतं असं आपण धरून चालतो. १९३६ मध्ये अठ्ठ्याहत्तरीला अण्णांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढलं आणि पुन्हा दारोदार वर्गणी मागायला लागले. भारतरत्न मिळालं १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी. ९ नोव्हेंबर १९६२ ला ते पुण्यात गेले.