सामूहिक प्रवासाचा पाया घालणारे नाना शंकरशेट

मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास नाना शंकरशेट यांच्या उल्लेखाविना अपूर्ण आहे. जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे सधन कुटुंबात झाला.

त्या काळी मुंबई-ठाणे प्रवास बैलगाडी किंवा होडीने होत असे. स्वतःचे वाहन मोजक्या धनिकांनाच परवडत असे. इंग्लंडप्रमाणे येथेही रेल्वे सुरू व्हावी, यासाठी नानांनी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासमवेत १८४५ मध्ये पुढाकार घेतला. १८४९ मध्ये स्थापन झालेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या संचालकांमध्ये त्यांचा समावेश होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी धावली. तिच्या १४ डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित होते. निरनिराळ्या जातिधर्मांचे लोक एकत्र प्रवास करतील का, ही शंका पुढे प्रवाशांच्या गर्दीनेच फोल ठरवली.

नानांचे ३१ जुलै १८६५ रोजी निधन झाले. मुंबईची उपनगरी रेल्वे आज दररोज ७० लाखांहून अधिक प्रवाशांची ने-आण करते. हे सर्व प्रवासी खासगी वाहनांनी निघाले, तर शहराचे रस्ते त्यांना पुरणार नाहीत.