श्रीमंत यशवंतराव होळकर आणि त्यांची मोटार

होळकर म्हटले की आमच्या हातोदच्या बालवाचकांना अहिल्यादेवी आठवतात. त्याच घराण्यातील अखेरचे सत्ताधीश श्रीमंत यशवंतराव (दुसरे) यांचा जन्म १९०८ साली झाला. १९२६ मध्ये पिता तुकोजीराव यांनी गादी सोडली आणि सतरा वर्षांच्या मुलास ती सांभाळावी लागली. पूर्ण अधिकार १९३० मध्ये मिळाले. इंदूरचा माणिकबाग राजवाडा त्यांनीच बांधविला.

परंतु आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यांच्या एका मोटारीविषयी. सांगाडा व इंजिन अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीचे, वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंगचा, रंग नारिंगी व काळा, अश्वशक्ती ३२०! एका मोटारीवर एवढा खर्च आम्हांस रुचत नाही. तिचे यंत्र मात्र अभ्यसनीय आहे. त्यातील ‘सुपरचार्जर’ हा पंखा इंजिनात हवा दाबून भरी. ह्याच युक्तीने ड्यूसेनबर्गने १९२४ मध्ये इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकली होती.

दाबलेली हवा तापते, आणि फार तापली तर इंजिन ठोके देऊ लागते. इंधन वाफ होताना ही उष्णता शोषून घेते. रांजण पाझरून पाणी निवते, तोच न्याय. मद्यार्क तर पेट्रोलहून कितीतरी अधिक उष्णता शोषतो, म्हणून त्या काळचे शर्यतवाले तो इंधनात मिसळीत. उलट पेट्रोल नळीतच तापून त्याची वाफ झाली, तर इंजिनाचा पुरवठा तुटतो व गाडी जागीच थबकते. माळव्याच्या वैशाखात हे भय अधिकच! आज शर्यतीत पेट्रोल किती थंड करावे, यालाही नियमाची मर्यादा आहे.

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. यशवंतराव १९६१ च्या डिसेंबरात मुंबईस निवर्तले. त्यांचे वय अवघे त्रेपन्न होते.