रंगरसायनाचे आचार्य डॉ. वेंकटरामन

मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी-शहरे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांच्यात एक रंगीत धागा होता. स्टुटगार्टच्या क्नोस्प आणि झीग्ले या रंगांच्या पेढ्या १८७३ मध्ये बीएएसएफमध्ये सामील झाल्या. पहिल्या महायुद्धापूर्वी जगातील कृत्रिम रंगांचा फार मोठा भाग जर्मनीत तयार होई, आणि मुंबईच्या गिरण्याही तेच रंग वापरीत. कापड आमचे, विद्या त्यांची. ही विद्या मुंबईत रुजविण्याचे काम ज्यांनी केले, त्या डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन यांची ओळख येथील वाचकांना करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

त्यांचा जन्म १९०१ साली मद्रासचा. तेथील शिक्षण आटोपून ते मँचेस्टरला गेले आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकले. परतल्यावर लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात अध्यापन केले. फुलांना व झाडांना पिवळेपणा देणाऱ्या फ्लेवोन द्रव्यांकडे जाणारी एक रासायनिक वाट त्यांनी महाल या विद्यार्थ्यासह तेथेच शोधली. इंग्लंडात बेकर यांनाही ती स्वतंत्रपणे सापडली होती, म्हणून ती आज बेकर-वेंकटरामन या जोडनावाने शिकविली जाते.

१९३४ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले. विभाग जेमतेम वर्षाचा होता. १९३८ मध्ये ते त्याचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९५७ पर्यंत त्या पदावर राहिले. माटुंग्याची ही संस्था नावारूपाला आली ती याच काळात. शिकविणे, संशोधन आणि कारखाना ही तीन वेगळी खाती नव्हेत, अशी त्यांच्या कामाची धाटणी होती.

मात्र आमच्या मते त्यांची खरी कमाई पदांत नाही, ग्रंथात आहे. १९४५ मध्ये जर्मनीचा पराभव झाल्यावर दोस्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी तेथील रंगांच्या कारखान्यांत शिरून, एरवी कुलूपबंद राहिली असती अशी कृतींची माहिती अहवालांतून प्रसिद्ध केली. माहिती अफाट, पण विस्कळीत. ती माहिती, पेटंटे आणि शोधनिबंध एकत्र गुंफून वेंकटरामन यांनी कृत्रिम रंगांच्या रसायनावर दोन जाडजूड खंड सिद्ध केले. ते १९५२ मध्ये निघाले. जर्मनीत जन्मलेल्या विद्येचा प्रमाणग्रंथ माटुंग्यात बसून लिहिला गेला, हे आम्हांस आजही नवल वाटते! पुढे निरनिराळ्या तज्ज्ञांच्या सहकार्याने १९७८ पर्यंत एकूण आठ खंड झाले.

१९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. आधीचे दोघे, मॅकबेन आणि फिंच, परदेशी होते. येथे त्यांची नजर पुन्हा झाडापानांकडे वळली. फणसाच्या पिवळ्या लाकडातील द्रव्ये त्यांच्या चमूने तपासली. लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या, शतकानुशतके वापरात असलेल्या लाल रंगाची रेणूरचनाही उलगडली. कोकणच्या वाचकाला फणसाच्या लाकडाचा पिवळा रंग सांगायला नकोच.

१९६१ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९६६ मध्ये संचालकपद सोडले, तेव्हा सूत्रे डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक यांच्याकडे गेली. तेही माटुंग्याचेच आणि रंगरसायनातलेच. वेंकटरामन मात्र पुण्यातच राहिले आणि ग्रंथाचे उरलेले खंड पुरे करीत बसले. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.