पडवीचा धडा

थळच्या घराची पडवी मी भिंत घालून बंद केली. बँकेत गृहकर्जांचे नकाशे तपासलेला माणूस मी. चौरस फूट वाढले म्हणून खूष होतो. तेव्हा क्लॉड बॅटली आठवायला हवे होते.

१८७९ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले बॅटली १९१३ साली मुंबईत आले. १९२३ ते १९४३ ते जे. जे.च्या वास्तुकला शाखेचे प्रमुख होते. मुंबई सेंट्रल स्थानक त्यांचेच. विद्यार्थ्यांना ते जुन्या वास्तू मोजायला लावत. खांब, चौक, उंबरे मोजता मोजता मधल्या मोकळ्या जागेचे मोल पोरांना कळे. त्या आरेखनांचे पुस्तक १९३४ साली निघाले. आचऱ्याचे अच्युत कानविंदे त्यांचेच विद्यार्थी. बॅटली १९५६ साली गेले.

माझी खोली वाढली. खांदेरीकडचा वारा आणि जाता-येता टेकणारे शेजारी मात्र दुरावले. भिंत पाडायला गवंडी सांगितला आहे.