पळवणकर बाळू : साधना आणि सन्मान

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात महिना तीन रुपये पगारावर एक मुलगा राबत असे. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रोलर फिरविणे ही त्याची नेमून दिलेली कामे. एखाद्या सभासदाला सराव करावासा वाटला, तर त्याला चेंडू टाकणे हेही त्यातच आले. पुढे भारतीय क्रिकेटमधील पहिला थोर फिरकी गोलंदाज म्हणून ज्यांची गणना झाली, ते बाळू बाबाजी पळवणकर म्हणजेच हा मुलगा होय.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीस असल्यामुळे त्यांचे बालपण पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळ शिकले. त्यांना गुरू नव्हता आणि शाळाही फार लाभली नाही.

१८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर रुजू झाले. त्यांची खरी साधना येथे घडली. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज तासन्तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी बाद केले की ग्रेग प्रत्येक वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, डाव्या हाताने टाकलेल्या त्या संथ चेंडूची लांबी, वळण आणि उंची दिवसागणिक त्यांच्या ताब्यात येत गेली, हे निश्चित. मात्र त्या क्लबात त्यांच्या हाती बॅट कधीच दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता. राबण्याचे काम तेवढे बाळूंच्या वाट्याला आले.

पुण्यातील हिंदू संघाला युरोपियनांवर मात करावयाची होती आणि त्यासाठी बाळूंवाचून गत्यंतर नव्हते. बऱ्याच वादविवादानंतर त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत. परंतु चहाच्या वेळी ते मंडपात कपबशीतून चहा घेत असताना बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताटही वेगळे असे. चेंडूला विटाळ नव्हता, माणसाला होता.

प्लेगच्या काळात ते मुंबईस आले. तेथे रेल्वेत नोकरी करीत ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरविले. त्या विजयात बाळू आणि शिवराम या दोघाही बंधूंचा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी यथातथाच झाली. बाळूंनी मात्र पस्तिशीच्या वयात, अनोळखी हवामानात आणि परक्या खेळपट्ट्यांवर, त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

एवढे करूनही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९१३ साली कर्णधार झालेल्या पै यांनी तो मान खरे तर बाळूंचा होता, असे जाहीरपणे मान्य केले. तरीही निवड करणारे बदलले नाहीत. १९२० साली बंधू विठ्ठल यांनाही डावलण्यात आले, तेव्हा पळवणकर बंधूंनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. बाळूंनी घातलेल्या पायावर उभा राहिलेला तो सन्मान धाकट्या भावाच्या पदरी पडला.

आपल्या दृष्टीने या चरित्राचा सर्वांत अवघड भाग यापुढचा आहे. तरुण भीमरावांना बाळूंचा फार अभिमान होता. त्यांच्या गौरवाच्या सभा भरविण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता. परंतु १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूस उभे राहिले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी विजयी झाले.

या पराभवामुळे बाळूंचे नाव आपल्या स्मरणातून पुसट झाले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तसे होऊ देऊ नये. आपले कर्तृत्व पाहून सवर्णांचे मन पालटेल, हा विश्वास त्यांनी आयुष्यभर बाळगला असावा, असे मला वाटते. मैदानावर त्या विश्वासाला थोडे यशही आले. परंतु ११४ बळी घेणाऱ्यालाही कर्णधारपदासाठी दुसऱ्यांच्या मर्जीकडे पाहावे लागत असेल, तर ज्याच्या अंगी अशी असामान्य कला नाही त्या सामान्य माणसाने काय करावे? बाबासाहेबांचा लढा त्या माणसासाठी होता.

४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे मुंबईत निधन झाले. विद्यार्थी मित्रांनो, वसतिगृहाच्या मैदानावर पहाटे धावताना त्यांची आठवण ठेवा. रोजच्या सरावाने हाताला येणारे कौशल्य कोणी हिरावून घेऊ शकत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. पण कौशल्याचा मान मिळणे हा आपला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. तो हक्क मागण्याचे बळही सरावानेच येते. म्हणून मैदान आणि ग्रंथालय या दोन्ही ठिकाणी आपली हजेरी चुकू देऊ नका.