सर जॉन फॉरेस्ट

पश्चिम ऑस्ट्रेलियांतील बनबरी गांवाजवळ इ. स. १८४७ त जॉन फॉरेस्ट ह्यांचा जन्म झाला. तरुणपणींच ते सरकारी मोजणीखात्यांत शिरले. १८६९, १८७० व १८७४ ह्या सालीं त्यांनीं ओसाड मुलखांतून तीन मोठे प्रवास केले. तिन्ही वेळां टॉमी विंडिच नांवाचा मूळनिवासी वाटाड्या त्यांच्या बरोबर होता. जेथें इतरांस केवळ वाळू दिसे, तेथें तो पाणी शोधी. १८७६ त तो वारला, तेव्हां फॉरेस्ट बंधूंनीं त्याच्या कबरेवर शिला उभारली.

१८९० त फॉरेस्ट त्या वसाहतीचे पहिले मुख्य प्रधान झाले. सोन्याच्या खाणींवर पाण्याचा दुष्काळ होता, म्हणून त्यांच्या सरकारानें सुमारें ३३० मैल लांबीचा नळ घालण्याचें काम हातीं घेतलें. १९०३ त पाणी कालगुर्लीस पोहोंचलें. परंतु मूळनिवाशांच्या कल्याणासाठीं सरकारी उत्पन्नाचा शेंकडा एक भाग राखून ठेवणारें राज्यघटनेंतील कलम ह्यांच्याच कारकीर्दींत, १८९७ त, रद्द झालें. १९१८ त इंग्लंडास जातांना जहाजावरच त्यांचा अंत झाला.

वाचकहो, ज्याच्या हातचें पाणी आपण प्यालों त्याच्या भाऊबंदांचा वाटा राखणें, हेंच कबरेवरील शिलेहून थोर स्मारक होय.